सड्यावरच्या छोट्या विमानतळावर पहिल्यांदा जाताना

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की एखादा तरी भाचा विचारतोच, "मामा, विमान उडवायला शिकायचं तर काय करायचं?" त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट आणि खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या असतात. मी त्याला उलट विचारतो, "आत्ता वारा कुठून येतोय?" तो खिशातून मोबाइल काढतो. मी मोबाइल काढून घेतो आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बोट दाखवतो.

हा लेख अशा भाच्या-भाच्यांसाठी आहे. शिकायचं नाही, पण छोट्या विमानतळावर नेमकं चालतं काय याची उत्सुकता आहे, अशांनाही तो उपयोगी पडेल. मी एअरलाइनमधला कॅप्टन नाही. घाटावर जाऊन एका इंजिनाच्या विमानावर शिकलो, खाजगी वैमानिकाचा परवाना काढला, एवढीच माझी पुंजी. पण नवखेपणीच्या चुका अजून ताज्या आहेत, त्यामुळे कुठे अडखळायला होतं ते ठाऊक आहे.

आधी कुठला विमानतळ कशाचा, ते बघा

कोकणपट्टीत "छोटा विमानतळ" म्हटलं की तीन नावं पुढे येतात आणि तिघांची जात वेगळी आहे.

जुहू सगळ्यांत जुना. १९२८ पासूनचा, देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून ओळखला जाणारा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ विमानातून उतरले ते इथेच. तेव्हाचं जुहू म्हणजे वाळलेल्या चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागायचा. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरची वर्दळ असते. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवरच्या माणसांची ने-आण तिथूनच होते. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नावही १९२८ पासून जुहूशी जोडलेलं आहे, पण क्लबचं प्रत्यक्ष उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला चालतं. मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा आहेच कुठे?

रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तिथे कुंपणाशी उभं राहून फोटो काढायचा मोह होतो. तो आवरा. संरक्षण दलांच्या तळाचे फोटो काढायला बंदी आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

तिसरा चिपी. वेंगुर्ला तालुक्यात परुळ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, २५०० मीटरची धावपट्टी, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला. तिथल्या प्रवासी सेवा चालू-बंद होत आल्या आहेत, म्हणून जाण्याआधी त्या महिन्याचं वेळापत्रक बघून घ्या. नाहीतर तासभर गाडी हाकून जायचं आणि रिकामी पट्टी बघून परत यायचं, असं होतं. मी एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो आणि आम्ही दिवसभरात फक्त टिटव्या बघितल्या.

यातल्या कुठेही तिकिटाशिवाय किंवा पासाशिवाय आत जाता येत नाही. विमानतळ छोटा असला म्हणून ते गावचं मैदान होत नाही. ड्रोनचंही तसंच. विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत ड्रोनचे नियम टप्प्याटप्प्याने बदलतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांनी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडून आपला हॉल कुठल्या रंगात येतो ते बघितल्याशिवाय ड्रोन वर सोडू नये.

वारा

माझे आजोबा होडीवर जायचे. लहानपणी त्यांच्या मागे लागून किनाऱ्यावर गेलो की ते म्हणायचे, "वारो खंयसून येता ता आधी बघ, मगे होडी लोट." पुढे वीस वर्षांनी माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी हेच, फक्त इंग्रजीत, सांगितलं.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. कारण साधं आहे. पंखाला जमिनीशी देणंघेणं नसतं, त्याला हवा लागते. समोरून दहा नॉटचा वारा असेल तर ते दहा नॉट फुकटात मिळाले. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. हाच वारा पाठीमागून असला तर उलटं होतं. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीमागून असेल, तर थांबायला लागणारी पट्टी वीस टक्क्यांहून जास्त वाढते, कारण हे गणित वेगाच्या वर्गाचं आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर भर पावसात, पाठीमागच्या वाऱ्यात उतरणारं प्रवासी विमान जवळजवळ अर्धी पट्टी मागे टाकून टेकलं आणि पुढच्या उतारावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. ते विमान छोटं नव्हतं आणि वैमानिकही नवखे नव्हते.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात? छोट्या विमानतळावर दिवसाचं वेळापत्रक त्यांच्यावरच चालतं. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वाहतो. आठ-नऊ वाजेपर्यंत तो पडतो. मग तास-दोन तास हवा अगदी स्तब्ध असते, आणि नवख्याला शिकवायला त्याहून चांगली वेळ नाही. जमीन तापली की अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी तो वायव्येकडून चांगलाच रेटतो. म्हणजे सकाळी ज्या टोकाकडून विमानं उडत होती, दुपारी त्याच्या विरुद्ध टोकाकडून उडताना दिसतील. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, यांनी मनाला येईल तशी पट्टी बदलली.

वारा दाखवायला पट्टीच्या बाजूला विंडसॉक असतो, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा कापडी नळा. त्याचं रुंद तोंड वाऱ्याकडे असतं आणि शेपूट वाऱ्याबरोबर जातं. नळा पूर्ण आडवा ताठ झाला तर साधारण पंधरा नॉट किंवा जास्त समजा. अर्धा लोंबत असेल तर निम्म्याच्या आसपास. पण शेपूट सारखं वर-खाली, डावी-उजवीकडे फडफडत असेल तर वेगापेक्षा ते जास्त महत्त्वाचं. याचा अर्थ वारा झटक्याझटक्याने येतोय.

सड्यावर आणखी एक भानगड असते. समुद्राकडून आलेला वारा सड्याच्या पश्चिमेच्या कड्यावर आपटून वर चढतो आणि पूर्वेला, जिथे सडा संपून दरी लागते, तिथे खाली ओघळतो. आता विचार करा. वारा पश्चिमेचा, म्हणून तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला तोंड करून उतरताय. म्हणजे धावपट्टी सुरू होण्याच्या ऐन आधी तुम्ही त्या ओघळत्या हवेतून येणार. सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच विमान हलकेच खाली बसतं. त्यासाठी शेवटच्या टप्प्यात थोडी जास्त उंची आणि हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्यावर, ही सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी. सपाट मैदानावर शिकून आलेल्यांना ती नसते. मला नव्हती.

धावपट्टीचे आकडे

पट्टीच्या टोकाला मोठ्या अक्षरांत दोन आकडी नंबर रंगवलेला असतो. तो अनुक्रमांक नव्हे, होकायंत्रावरची दिशा आहे. २७० अंश म्हणजे पश्चिम, त्यातलं शेवटचं शून्य काढलं की २७. त्याच पट्टीचं दुसरं टोक ०९, म्हणजे पूर्व. दोन टोकांत नेहमी अठराचा फरक. चिपीची पट्टी ०९-२७ आहे, जुहूची मोठी पट्टी ०८-२६.

जुहूचा ०८ आणि शेजारच्या सांताक्रूझचा, म्हणजे मुंबईच्या मोठ्या विमानतळाचा, ०९. एका आकड्याचा फरक, आणि दोन्ही विमानतळ हाकेच्या अंतरावर. १९५३ च्या जुलै महिन्यात ब्रिटिशांचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. जुहूची पट्टी साडेअकराशे मीटरच्या आतबाहेरची, त्यामुळे ते पुढे निघून गेलं आणि मोडलं. नशिबाने कुणी दगावलं नाही. म्हणून पट्टीवर पाऊल ठेवण्याआधी, म्हणजे चाक ठेवण्याआधी, होकायंत्र आणि रंगवलेला आकडा जुळतोय का ते मोठ्याने म्हणायचं. प्रशिक्षक शेजारी नसले तरी म्हणायचं.

आकडे कळले की बाजूच्या वाऱ्याचा हिशोब घड्याळावर करता येतो. वारा आणि पट्टी यांच्यातला कोन मिनिटं समजा. पंधरा अंश म्हणजे पाव तास, म्हणून वाऱ्याचा पाव भाग बाजूने लागतो. तीस अंशांना अर्धा, पंचेचाळीसला पाऊण, साठ आणि पुढे जवळजवळ सगळाच. समजा एप्रिलची दुपार आहे, पट्टी २७, वारा ३१० अंशांवरून सोळा नॉट. कोन चाळीस अंशांचा. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश, दहा-अकरा नॉट बाजूने. सेसना १५२ या शिकाऊ विमानाच्या पुस्तकात बाजूच्या बारा नॉटच्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे, १७२ च्या पुस्तकात पंधरा. कागदावर जमतंय. पण पहिल्या वीस तासांतल्या विद्यार्थ्याने अशा दुपारी एकट्याने जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षक "जा" म्हणाले तरी "आज नको" म्हणायची मुभा तुम्हाला असते. ती वापरल्याबद्दल मला आजवर कुणी हसलेलं नाही.

रात्री किंवा संध्याकाळी बाहेरून बघत असाल तर दिवेही वाचता येतात. पट्टीच्या कडेचे पांढरे, टॅक्सी करायच्या, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत न्यायच्या, रस्त्याचे निळे, पट्टी सुरू होते तिथे हिरवे, संपते तिथे लाल. पट्टीच्या बाजूला एका ओळीत चार दिवे दिसले तर ती पापी, वैमानिकाला उतरण्याचा उतार दाखवणारी. दोन पांढरे आणि दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फारच खाली आलंय.

आकाशातली वाट

छोट्या विमानतळाभोवती विमानं चौकोनी वाटेने फिरतात. तिला सर्किट म्हणतात. पद्धत अशी की वळणं डावीकडे आणि उंची जमिनीपासून हजार फूट, वेगळं काही सांगितलं नसेल तर. पश्चिमेकडे उडालात, डावीकडे वळून दक्षिणेला, मग पट्टीला समांतर पूर्वेकडे. हा डाउनविंड, उतरण्याआधीची सगळी तपासणी इथे करायची. परत डावीकडे बेस, आणि शेवटचं वळण घेऊन पट्टीसमोर, म्हणजे फायनल. विद्यार्थ्याचे पहिले कित्येक तास ह्याच चौकोनात जातात. उडा, वळा, उतरा, परत उडा. कंटाळा येईल म्हणून कुणी सांगत नाही, पण येतो. आणि मग एका दिवशी प्रशिक्षक दार उघडून उतरतात आणि म्हणतात, एक फेरी तू एकटा मार. तेव्हा कंटाळा कुठल्या कुठे पळतो. शेजारची खुर्ची रिकामी असली की विमान हलकं होतं आणि अपेक्षेपेक्षा लवकर वर चढतं, एवढं तेव्हा लक्षात ठेवा.

रेडिओवरची भाषा

नवख्यांना सगळ्यांत जास्त धास्ती याचीच वाटते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. मलाही वाटायची. पण रेडिओवर इंग्रजी बोलायचं नसतं, ठरलेली शंभर-दीडशे वाक्यं बोलायची असतात. आरती पाठ होते तसं तेही पाठ होतं.

क्रम ठरलेला आहे: कुणाला हाक मारताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. भारतात नोंदलेल्या विमानाचं नाव व्हीटी या अक्षरांनी सुरू होतं, ते "विक्टर टँगो" असं म्हणायचं. आकड्यांचेही उच्चार ठरलेले आहेत. तीनला "ट्री", पाचला "फाइफ", नऊला "नाइनर". कानाला विचित्र वाटतात, पण खरखरीतसुद्धा चुकत नाहीत. टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, परवानगी दिली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, पट्टीच्या नंबरासकट. नुसतं "रॉजर" म्हटलं तर "ऐकलं" एवढाच अर्थ होतो, "करतो" असा होत नाही.

आणि "टेकऑफ" हा शब्द परवानगी देताना-घेतानाच वापरायचा. निघायला तयार असाल तर "रेडी फॉर डिपार्चर" म्हणायचं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकाच पट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यामागे रेडिओवरच्या अर्धवट समजलेल्या वाक्यांचा मोठा हात होता. तेव्हापासून त्या एका शब्दाबाबत इतकी काटेकोर शिस्त आली.

रेडिओ बंद पडला तर? टॉवरवरून दिव्याने खुणा करतात. सलग हिरवा म्हणजे उतरा. सलग लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, फेरी मारत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

घरी बसून ऐकायचा नाद लागला तर सांभाळून. विमानांच्या बँडवर चालणारे वॉकीटॉकी किंवा स्कॅनर परवान्याशिवाय बाळगू नका. सरावासाठी आरशासमोर उभं राहून बोला. माझ्या बायकोला दोन महिने वाटत होतं की मी कुठल्या तरी नाटकात काम घेतलंय.

वेळेचाही गोंधळ होतो. हवामानाचे अहवाल आणि उड्डाणाच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. सकाळचे नऊ म्हणजे तिथे साडेतीन. घड्याळ दोन ठेवा, किंवा वजाबाकीची सवय करा.

विमानाजवळ जाताना

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, गेलात की एकच नियम सगळ्यांच्या वर: पंखा, म्हणजे प्रॉपेलर, कायम चालू आहे असं समजून वागा. थांबलेला असला तरी. चावी बंद असली तरी. विमानाकडे मागून, पंखाच्या टोकाला वळसा घालून जा, समोरून कधीच नाही.

हेलिकॉप्टरचं उलट. त्याच्याकडे समोरून किंवा बाजूने, वैमानिकाला दिसाल असं आणि त्याने मान हलवल्यावरच. शेपटीच्या बाजूला चुकूनही नाही, कारण मागचा पंखा फिरताना दिसतच नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जायचं. वरच्या बाजूला मोठ्या पंख्याचं पातं डोक्याच्या उंचीवर येतं. कोकणात हेलिकॉप्टर बघायला मिळतं ते निवडणुकीत, शाळेच्या मैदानावर. तेव्हा हातातल्या छत्र्या मिटा आणि आडव्या धरा, टोप्या काढून ठेवा, लहान मुलांचा हात सोडू नका. सुकलेल्या गवताचा आणि जांभ्याच्या बारीक खड्यांचा असा काही मारा होतो की डोळे उघडता येत नाहीत.

समुद्राजवळ उभ्या असलेल्या विमानाची तपासणी जरा जास्त बारकाईने करावी लागते. दोन गोष्टी खास बघा.

पहिली पाणी. आपली हवा दमट. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान रात्रभर उभं राहिलं की आतल्या हवेतली वाफ पेट्रोलमध्ये पाणी होऊन उतरते. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि इंजिनाला नेमकं तळातूनच इंधन जातं. म्हणून रोज सकाळी टाकीच्या खालच्या झडपेतून छोट्या पारदर्शक पेल्यात इंधन काढून बघायचं. छोट्या विमानांचं अ‍ॅव्हगॅस १०० एलएल निळसर असतं, खाली पाण्याचा स्वच्छ थेंब वेगळा दिसतो. पेला सगळाच रंगहीन दिसला तर खूश होऊ नका, ते नुसतं पाणी असू शकतं किंवा चुकून भरलेलं जेटचं इंधन. हे अ‍ॅव्हगॅस पूर्वी बाहेरून आणावं लागायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवतं.

दुसरी गोष्ट मीठ. किनाऱ्यावरची गाडी कशी खालून गंजते ते आपल्याला सांगायला नको. विमानाच्या बिजागऱ्या, रिव्हेटांच्या कडा, नियंत्रणाच्या तारा इथे पांढरट भुकटी किंवा फुगलेला रंग दिसला तर मेकॅनिकला दाखवा. स्वतः खरवडू नका.

पक्ष्यांचंही बघा. सड्यावर टिटव्या उघड्यावरच अंडी घालतात, गवत कापलं की बगळे उतरतात, आणि घारी तर दुपारच्या उकाड्यात गोल गोल वर चढतच असतात. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिसरात कचरा टाकायला किंवा उघड्यावर जनावरं कापायला कायद्याने मनाई आहे, ती याच कारणाने. पट्टीच्या रांगेत कुणी मासळी सुकत घातलेली दिसली तर भांडू नका, ऑफिसात सांगा. पोटाचा प्रश्न असतो तो, समजावून सांगितलं की लोक जागा बदलतात.

कागदपत्रं, आणि पैसे देण्याआधीची एक गोष्ट

खरंच शिकायचं ठरवलं असेल तर सगळ्यांत आधी वैद्यकीय तपासणी. फी भरण्याआधी, बॅग भरण्याआधी, आजीला सांगण्याआधी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू तपासणी होते. चष्मा असला म्हणून अडत नाही, चष्म्यासकट नीट दिसायला हवं. पण रंगांधळेपणासारखं काही निघालं तर ते आधीच कळलेलं बरं. पुढे व्यावसायिक परवाना हवा असेल तर क्लास वन लागते. त्या वाटेने जाणार असाल तर तीही लवकर उरका.

शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, दहावी पास हवी. खाजगी वैमानिक व्हायला वय सतरा आणि निदान चाळीस तासांचं उड्डाण. व्यावसायिक परवान्याला अठरा वर्षं, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि दोनशे तास. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी हिरमुसू नका, हे दोन विषय मुक्त विद्यालयातून वेगळे देता येतात. लेखी परीक्षांत हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती हे विषय असतात, पास व्हायला सत्तर टक्के लागतात. परीक्षेला बसण्याआधी डीजीसीएच्या पोर्टलवर संगणक क्रमांक काढावा लागतो. अर्जावरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव अक्षरशः एक असू दे. वडिलांचं नाव मधे आहे की शेवटी, एवढ्यावरून अर्ज परत येतात.

प्रशिक्षणासाठी कोकणाबाहेर जावं लागेल. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, सगळी घाटापलीकडची गावं. तिकडे आकाश मोकळं आणि उडता येण्यासारखे दिवस जास्त. संस्था निवडताना वेबसाइटवरची चकचकीत विमानं मोजू नका. स्वतः जाऊन दोन दिवस बाहेर बसा आणि दिवसात किती विमानं प्रत्यक्ष उडतात ते मोजा. चहाच्या टपरीवर जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, महिन्याला किती तास मिळतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका संस्थेत सगळी फी एकदम भरली आणि मग आठ महिने सुटे भाग येण्याची वाट बघत हॉस्टेलवर बसून राहिला. हप्त्याने, उडालेल्या तासांप्रमाणे पैसे घ्यायला जी संस्था तयार नसेल तिथून चहा पिऊन परत या.

कधी जायचं

मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. छोट्या विमानांना अशी सरकारी बंदी नाही, पण किनाऱ्यावर त्या काळात डोळ्यांनी बघून उडणं जवळजवळ होतच नाही. ढग सड्याला टेकलेले असतात. साध्या परवान्यावर उडायला निदान पाच किलोमीटर दिसायला हवं. शिवाय सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी दुकान बंद.

ऑक्टोबरपासून हवा सुधारते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खाडीवर धुकं साचतं. सड्यावर लख्ख ऊन आणि खाली सगळं कापसासारखं, बघायला सुंदर, पण इंजिन बंद पडलं तर उतरायची जागा दिसत नाही. उन्हाळ्यात दोन धोके. गरम दमट हवा पातळ असते. किनाऱ्यावर पस्तीस अंश तापमान असेल तर इंजिनाला आणि पंखाला आपण साधारण चोवीसशे फुटांवर आहोत असंच वाटतं. पट्टी जास्त लागते, चढ कमी मिळतो. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर मान वळवून सह्याद्रीकडे बघत राहा. वळवाचे ढग घाटावर उभे राहतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. समुद्राच्या बाजूला आकाश निळं असलं म्हणून फसू नका.

म्हणजे पहिल्या उड्डाणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, धुकं विरल्यावरची. सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट (पायाला पेडल जाणवलं पाहिजे), ओळखपत्राची मूळ प्रत, पाण्याची बाटली. आदल्या रात्री लग्नाची पार्टी असेल तर उड्डाण पुढे ढकला. दारू आणि कॉकपिट यांच्यात निदान बारा तासांचं अंतर हा नियम आहे. उपाशी जाऊ नका. दोन घावणे आणि चहा पुरे, तळलेली सुरमई आल्यावर. पोटात ढवळायला लागलं तर नजर आतल्या घड्याळांवरून काढून क्षितिजावर ठेवा. हवेची झडप चेहऱ्याकडे वळवा आणि प्रशिक्षकांना लगेच सांगा. लाजून गप्प बसलात तर पुढची अडचण त्यांना सीट पुसताना कळेल.